नऊ आणि एक

आज अ‍ॅप बंद ठेवलंय.
सवारी एकच,
तीही डिकीत, दोन तुकड्यांत.

नळी एका पिशवीत, दस्ता दुसऱ्या,
काडतुसं तिसरीकडे, कुलूपवाल्या पत्र्याच्या पेटीत,
भांडुप ठाण्यातल्या कारकुनाने समजावलं तसं:
हत्याराला हात पोचायला नको,
कागदाला मात्र पोचायला हवा.
वाटेत थांबायचं नाही. चहालासुद्धा.
'वारसाने शस्त्र जमा करावे', पत्रात लिहिलंय.
गाडीच्या हप्त्यांशिवाय
पहिल्यांदाच कशाचा तरी वारस झालो.

बाबांची दुनळी.
बँकेच्या दारात एकवीस वर्षं
तिला टेकून कधीच नाही,
तिला उभी धरून ते उभे.
स्वतःची बंदूक असली की एजन्सी
नऊशे रुपये वर द्यायची.
त्या नऊशेत माझी फी, आईचा चष्मा,
आणि दसऱ्याला तिच्यासाठी झेंडूची माळ,
माझ्या सायकलीच्या माळेहून वीतभर लांब.

निघताना आईने देव्हाऱ्यातून पुंगळी काढली.
पितळी बूड, लाल अंग, तोंडाशी जळकी.
उदबत्ती तिच्यातच लागते आमच्याकडे.
"घेऊन जा. दहाचे नऊ कसे, विचारतील."

काय सांगायचं ते मला पाठ होतं.
मुलुंडची शाखा, पगाराचा दिवस,
दोघे हेल्मेटवाले,
बाबांनी हवेत एक बार काढला
आणि ते पळाले ते थेट चेकनाक्यापर्यंत.
चाळीत ही गोष्ट मी कितीदा विकली,
गोट्यांवर, मांज्यावर, एकदा अख्ख्या वडापाववर.
बाबा घरात असले तर
मान खाली घालून बुटांना पॉलिश करत राहायचे.

छेडानगरला नाकाबंदी.
नेमप्लेटवर उगले. अंगठीने काच वाजवली.
"डिकीत काय?"
मी आधी कागद दिला, मग चावी,
मग दोन्ही हात स्टिअरिंगवर.
बाईंनी नळीवरचा नंबर
परवान्याशी आकडा-आकडा जुळवला,
हजेरी घेतल्यासारखा.
दस्त्यावर एक जागा काळी पडलीय, तळव्याएवढी.
बोट तिथे जरा रेंगाळलं.
"वडील?"
"हो."
"जावा. सरळ जावा."

फ्रीवेवर साठच्या वर गेलो नाही.
पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागून टक् यायचं
आणि मी आरशात बघायचो,
मागच्या सीटवर कुणी जागं झालं की काय.

फोर्टात हकीमुद्दीन शेठची पेढी,
काचेच्या काउंटरखाली एअरगनचे छर्रे आणि घड्याळांचे सेल.
"दहा लिखेल हाय."
"नऊ. आणि ही एक."
पुंगळी उलटी केली तर राख सांडली काचेवर,
मोगऱ्याच्या वासाची.
शेठनी फुंकली नाही.
कापडात टिपली, कापड घडी करून ठेवलं.
मग वडलांच्या वेळचं रजिस्टर काढलं,
पान सापडेपर्यंत ओठ हलत राहिले.
"हे बघ. घेतली त्याच दिवशी.
एक नग, रेंजवर चाचणी.
रिकामी परत मागून घेतली."

खाली बाबांची सही.
'रावजी'मधला र नेहमीसारखा, जरा मागे झुकलेला,
धक्का बसल्यासारखा.

"रिकामी नको मला," शेठ म्हणाले. "घेऊन जा."

माझगावला अ‍ॅप चालू केलं.
घाटकोपरचं भाडं. माणसाने खोका डिकीत ठेवला,
म्हणाला, सांभाळून, आत काच आहे.
मी म्हटलं, सवय आहे.

"विचारलं का त्यांनी?" आईने दारातच विचारलं.
"विचारलं."
"मग?"
"सांगितलं सगळं."
तिने पुंगळी पदराने पुसली,
नवी उदबत्ती खोचली, काडी ओढली.

मी मोरीशेजारी बसलो,
पॉलिशची डबी शोधली.
वाळून भेगा पडल्या होत्या.
थुंकी लावून ब्रश फिरवत राहिलो,
मान खाली.